डिस्क आपली, परवानगी कुणाची?

जगाचे सहा तुकडे झालेत हे माहीत आहे का? भूगोलाच्या पुस्तकात नाही, डीव्हीडीच्या कव्हरवर. पृथ्वीच्या छोट्याशा चित्रात एक आकडा असतो. १ म्हणजे अमेरिका-कॅनडा, २ मध्ये युरोप आणि चक्क जपान, चीन एकटाच ६ मध्ये. आपण ५ मध्ये, रशियाच्या पंगतीला. (८ नंबरसुद्धा आहे, तो विमानात दाखवायच्या डिस्कसाठी!)

आता अमेरिकेतला मामा येताना प्रेमाने पिक्चर आणतो. कॉमन रूमच्या पीसीत डिस्क टाकली की तो विचारतो, रीजन बदलू का? कुणीतरी बिनधास्त 'यस' दाबतं. पुढच्या रविवारी इथली डिस्क, परत 'यस'. गोची इथेच आहे. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये (आरपीसी-२ म्हणतात त्याला) रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, आणि ही मोजणी ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये असते. विंडोज परत टाका, हार्ड डिस्क फॉरमॅट करा, ढिम्म हलत नाही. पाचव्यांदा जो रीजन निवडला तो कायमचा. अख्ख्या हॉस्टेलच्या पीसीला पाच 'यस' किती दिवस पुरणार?

कुणी म्हणेल, हे पायरसी थांबवायला आहे. मला हे साफ अमान्य. कॉपी अडवायचं कुलूप वेगळं, त्याचं नाव सीएसएस. रीजनचा खटाटोप वेगळ्याच कारणासाठी होता: अमेरिकेत डिस्क निघायची तेव्हा तोच पिक्चर इतर देशांत थिएटरला लागायचा असायचा. शिवाय देशोदेशी वेगळी किंमत लावता येते. आता मोठे पिक्चर सगळीकडे जवळपास एकाच आठवड्यात लागतात, म्हणजे पहिलं कारण संपलंच. आणि त्रास होतो कुणाला? दुकानातून पैसे मोजून डिस्क घेणाऱ्याला. फुटपाथवरच्या पायरेटेड डिस्कला रीजन-बिजन काही नसतं!

२००९ मध्ये ओबामांनी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना २५ डीव्हीडींचा सेट भेट दिला. त्या रीजन १ च्या असल्यामुळे तिकडे लागल्याच नाहीत, अशी बातमी आली होती. पंतप्रधानांची ही कथा, तर आपली काय!

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने कायद्यातच रीजन कोडला कॉपीराइटच्या कुलपातून वगळलंय. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५-ए आलं. त्यात हक्क मोडण्याच्या इराद्याने कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. स्वतःची डिस्क खोलीत बसून बघणाऱ्याचा असला इरादा कुठला? तरी हे स्पष्ट लिहिलेलं हवं होतं, असं मला वाटतं.

तोवर करायचं काय? व्हीएलसी (मुळात पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा प्रोजेक्ट, बरं का) बऱ्याच ड्राइव्हवर रीजन न बदलता डिस्क लावतो. काही ड्राइव्हचं फर्मवेअर मात्र त्यालाही दाद देत नाही. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, त्यामुळे यूएसबीचा घ्यावाच लागतो. मग विंगेतल्या चौघांनी कॉन्ट्री काढून एक जास्तीचा घ्या, तो १ वर सेट करा आणि वर मार्करने मोठ्ठा १ लिहा. कॉमन रूमच्या पीसीवर मात्र 'नो'च दाबा. तो ५ वर आहे, ५ वरच राहू दे.