अठरा मिनिटांचा हिशेब

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला घड्याळाचे व्यसन लागते. कॅशचा काउंटर बंद झाल्यावर एका मिनिटाने आलेला खातेदारही उद्याचा असतो, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. निवृत्तीनंतर हे व्यसन कुणाच्या उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते. पण २०२३ सालच्या जानेवारीत एका रविवारी रात्री मी पुण्याबाहेरच्या एका पेट्रोल पंपाच्या कडेला, घडीचे टेबल मांडून आणि मफलर गुंडाळून बसलो होतो. समोर शिक्का, शाईचे पॅड आणि घड्याळ. आदल्या दिवशी पहाटे पाचला निघालेले हौशी सायकलस्वार सहाशे किलोमीटर पुरे करून परत यायचे होते. त्यांच्या कार्डावर वेळ लिहून शिक्का मारण्याचे काम क्लबाने माझ्याकडे दिले होते. मुदत चाळीस तासांची, म्हणजे रविवारी रात्री नऊपर्यंतची.

आमची सून नऊ वाजून अठरा मिनिटांनी आली.

शेजारी बसलेला एक तरुण म्हणाला, "काका, चाळीस तासांत अठरा मिनिटांचं काय घेऊन बसायचं!" माझा हात क्षणभर थांबला, हे मी कबूल करतो. पण तिनेच हेल्मेट काढता काढता म्हटले, "बाबा, घड्याळात आहे तेच लिहा." मी ९.१८ लिहिले आणि तिची ती खेप बाद झाली.

ती अठरा मिनिटे कुठे गेली, हे मला पुढे चार दिवसांनी कळले. आज लिहायचे आहे ते त्याविषयीच. पण त्याआधी ही माणसे कसल्या मागे लागलेली असतात, ते सांगायला हवे.

फ्रान्समध्ये 'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस' नावाची एक सायकलस्वारी आहे. तिचा जन्म १८९१ चा, म्हणजे प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स'हूनही बारा वर्षे आधीचा. पॅरिसहून निघून अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्ट बंदराला शिवायचे आणि परत यायचे, असे सुमारे बाराशे किलोमीटर. पहिल्या वेळी शार्ल तेराँ नावाच्या स्वाराने बहात्तर तासांच्या आत परत येऊन ती शर्यत जिंकली होती. पुढे १९३१ पासून तिथे हौशी लोकांसाठी वेगळी स्वारी सुरू झाली. धंदेवाईकांची शर्यत १९५१ नंतर बंद पडली आणि हौशी तेवढे उरले. 'ऑडॅक्स क्लब पॅरिसियां' ही संस्था आज दर चार वर्षांनी ही स्वारी भरवते. २०१९ आणि २०२३ या दोन्ही खेपांना जगभरातून सहा हजारांहून अधिक माणसे आली. पुढची खेप २०२७ ची.

नव्वद तासांत परत यायचे, एवढीच अट. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नाहीत आणि रोख बक्षीसही नाही. वाटेत ठरलेली ठाणी सोडून कुणाची मदत घ्यायची नाही. पंक्चर झाले तर आपणच काढायचे, चेन तुटली तर आपणच जोडायची. रस्ता डोंगराचा नाही, पण ब्रिटनीचा मुलूख सतत वरखाली होणारा आहे. हे छोटे छोटे चढ एकावर एक रचले तर एव्हरेस्टच्या उंचीपेक्षा जास्त भरतात.

तिथे जायचे तर त्याच वर्षी आपल्या देशात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चार स्वाऱ्या मुदतीत पुऱ्या कराव्या लागतात. मुदती अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांच्या. या स्वाऱ्यांना 'ब्रेव्हे' म्हणतात. गेल्या दीड दशकात पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतून हे वेड चांगलेच पसरले आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच २०१७ साली एकट्याने केली. ही मोठी नावे झाली. त्यांच्यामागे डॉक्टर, शिक्षक, दुकानदार आणि संगणकावर काम करणाऱ्या मुलामुलींची मोठी रांग आहे. वर्तमानपत्रात त्यांची नावे येत नाहीत आणि त्यांची तशी तक्रारही नसते.

आमची सून त्या रांगेतली. वय त्या वेळी एकेचाळीस, दोन शाळकरी मुले, आठवडाभर नोकरी. तिची तयारी मी घरातूनच पाहत आलो. आधी मला वाटे की ही पायांची तयारी असेल. पाय तर पहिल्या वर्षीच तयार झाले. मग सुरू झाली ती पोटाची आणि झोपेची तयारी. सायकल चालवता चालवता दर तासाला काहीतरी खायचे. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, केळी, मीठ-साखरेचे पाणी. भूक लागल्यावर खाल्ले तर उशीर झालेला असतो, हे तिने आम्हाला शिकवले. पहाटे तीनच्या सुमारास मेंदू झोप मागतो, तेव्हा बसथांब्यावर वीस मिनिटांचा गजर लावून आडवे व्हायचे आणि गजर झाला की उठायचे. माझी पत्नी आधी धसकली होती. "बसथांब्यावर झोपते म्हणे!" असे ती शेजारी सांगायची. हळूहळू त्या सांगण्यातली काळजी कमी झाली आणि कौतुक वाढले. शनिवार-रविवारचे डबे आमचा मुलगा करू लागला. घरातल्या एका माणसाचे बाराशे किलोमीटर बाकीच्यांनाही थोडेथोडे चालवावे लागतात.

या तयारीतली एक गोष्ट मला बँकवाला म्हणून फार आवडली. मधल्या ठाण्यांवर रात्री-बेरात्री कुणी माणूस बसलेला नसतो. तिथे स्वाराने पुरावा म्हणून जवळच्या एटीएममधून पावती काढायची, तिच्यावर जागा आणि वेळ छापलेली असते. रात्री अडीचला कुठल्याशा तालुक्याच्या गावी, घामाने भिजलेल्या बाईने फक्त शिल्लक विचारून निघून जावे, याचे तिथल्या रखवालदाराला काय वाटत असेल! पण ती पावती आणताना कुणी आडवाटेने चार किलोमीटर वाचवले, तर तपासायला कोण येणार? तरी सहसा कुणी वाचवत नाही. चोरून मिळवण्यासारखे तिथे काही नसते, हे एक कारण. दुसरे असे, की मुदत स्वतःशीच केलेली असली की माणूस कधीकधी जास्त कडक होतो.

आता त्या अठरा मिनिटांकडे येतो.

शनिवारी रात्री दोनच्या सुमारास ती महामार्गाच्या कडेने चालली होती. मागून दोन ट्रक आले. एकाने दुसऱ्याला ओलांडायला घेतले तेव्हा आतला ट्रक कडेला दाबला गेला आणि तिला डांबर सोडावे लागले. त्या जागी डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर खाच होती. सायकल खाली गेली, ती पडली. गुडघा खरचटला, एवढेच. ट्रक थांबले नाहीत, कदाचित त्यांना कळलेही नसेल. समोर एक बंद ढाबा होता. त्याच्या बाजेवर ती अर्धा तास बसून राहिली. दुखत होते म्हणून नव्हे, तर हात थरथरत होते आणि ब्रेक धरता येत नव्हता म्हणून. घरी कुणाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर पुढची खेप बंद झाली असती. हे तिने मला चार दिवसांनी, चहा गाळता गाळता सांगितले. "बाबा, आईंना सांगू नका," ही पुस्ती जोडून.

मला त्या क्षणी वेगळाच माणूस आठवला. १९९४ साली मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. तिथले शिपाई, त्यांना सगळी शाखा 'मामा' म्हणे, बारा किलोमीटरवरच्या गावाहून रोज सायकलने येत. काळी चोवीस इंची सायकल, मागच्या कॅरिअरला डबा आणि इरले. क्लब नव्हता, हेल्मेट नव्हते, कार्डावर शिक्का नव्हता. पण हिशेब मांडला तर महिन्याला सहाशे किलोमीटर ते सहज करत. त्या पावसाळ्यात, अंधार पडल्यावर घरी जाताना, मागून आलेल्या गाडीने त्यांना उडवले. त्यांच्या पत्नीला समोर बसवून प्रॉव्हिडंट फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे कागद मीच भरले. कुठे सही करायची ते दाखवताना माझे बोट कागदावर टेकत नव्हते. त्या रस्त्यालाही साइडपट्टी नव्हती.

सून त्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा सहाशेला उतरली. या खेपेला अडतीस तासांत आली आणि मी शिक्का जरा जोरातच मारला. ऑगस्टमध्ये सायकल खोलून, खोक्यात भरून ती फ्रान्सला गेली. रांबुये नावाच्या गावाहून सुरुवात. ब्रेस्टपर्यंत पोचली, समुद्र पाहिला, परत फिरली. लुदेआकला, म्हणजे सुमारे ७८० किलोमीटरवर, पोटाने दगा दिला. पाणीही ठरेना. तिने कार्ड परत केले. २०१९ साली आपल्याकडून गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वाऱ्याने आणि थंडीने असेच मुदतीबाहेर गेले होते, त्यामुळे हे दुःख एकटीचे नव्हते. तरीही विमानतळावर ती जरा रडलीच.

घरी आल्यावर मात्र ती हरल्याच्या गोष्टी सांगेना. सांगितले ते रस्त्याविषयी. रात्री दोन वाजता खेड्यातल्या एका घरापुढे टेबल मांडलेले, त्यावर कॉफीचा थर्मास आणि केक, आणि खुर्चीत गोधडी पांघरून बसलेल्या आजीबाई. पैसे विचारले तर त्यांनी हातानेच नको म्हटले. त्या मुलखात अशी घरे पुष्कळ, आणि काही घरांची एवढीच अपेक्षा असते की आपल्या गावी परतल्यावर एक पोस्टकार्ड पाठवावे. तिने शनिवारवाड्याचे चित्र असलेले कार्ड पाठवले. आणि दुसरी गोष्ट अशी की, "बाबा, मागून गाडी आली तर ती मागेच थांबायची. वळण संपेपर्यंत. हॉर्न नाही. मला आधी वाटलं, तिचं काही बिघडलंय." फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचा कायदाच आहे. पण ती कायद्याविषयी बोलत नव्हती. सायकलवाला हा रस्त्याचा धनी आहे, हे तिथल्या लोकांनी मान्य केले आहे, याविषयी बोलत होती.

टेबल मांडणारी माणसे आपल्याकडे नाहीत असे नाही. वारीच्या वाटेवर गावेच्या गावे भाकऱ्या घेऊन उभी राहतात. अपरात्री टपरी उघडून चहा करून देणारे आणि पैसे न घेणारे लोक सुनेलाही भेटले आहेत. माणुसकीत आपण कमी पडत नाही. कमी पडतो ते साइडपट्टीत.

हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यात सायकलवाल्यांचा आकडा हजारांत आहे. त्यांतले ब्रेव्हे करणारे किती असतील? बहुतेक सगळे मामाच असतात. दुधाच्या किटल्या बांधलेले, रात्रपाळी सुटलेले, पेपर टाकणारे. आपले सरकार निवडक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देते, ही चांगली गोष्ट आहे. पण सायकल देताना ती चालवायची कुठून, याचे उत्तर दिलेले नसते. रस्ता चौपदरी झाला की पहिली गायब होते ती साइडपट्टी, नाहीतर तिच्यावर खडी, थांबलेले ट्रक आणि रसवंतीचे बाक येतात. सेवारस्ता पुलाशी संपतो आणि सायकलवाला मुख्य वाहतुकीत फेकला जातो.

मामांचे कुणी ऐकत नव्हते, कारण मामा बोलतच नव्हते. सायकल क्लबांतली माणसे बोलू शकतात. त्यांना अर्ज लिहिता येतो, अभियंत्याला भेटता येते, त्यांच्यातले काही तर स्वतःच अभियंते आहेत. शिवाय महामार्गाची कड त्यांच्याइतकी बारकाईने कुणी पाहिलेली नाही. कुठे खाच आहे, कुठे गटाराची जाळी उभी बसवली आहे, कुठे गतिरोधक पट्ट्या पार कडेपर्यंत ओढल्या आहेत, हे त्यांना किलोमीटरच्या दगडासह पाठ असते. हे ज्ञान ते आज एकमेकांना सावध करण्यापुरते वापरतात. प्रत्येक क्लबाने प्रत्येक स्वारीनंतर त्याची यादी करून रस्ता ज्या खात्याचा आहे त्याच्याकडे द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घेतलेला कागद सहजासहजी हरवत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. परदेशी जाण्याच्या तयारीतला हा पाचवा ब्रेव्हे समजावा.

सुनेची २०२७ ची तयारी सुरू आहे. तिच्या सामानात आता एक नवी वस्तू असते, रेडियमच्या लाल पट्टीचे रीळ. पहाटे सरावाला निघाली की आमच्या सोसायटीच्या दूधवाल्यापासून रस्त्यात भेटेल त्या सायकलच्या मागच्या मडगार्डला ती विचारून पट्टी चिकटवते. याने रस्ता रुंद होत नाही, हे तिलाही कळते. म्हणून गेल्या महिन्यात तिने त्या ढाब्यासमोरच्या खाचेचा अर्ज लिहिला आणि मसुदा तपासायला माझ्याकडे दिला. मी एकच दुरुस्ती केली. 'पडता पडता वाचले' असे तिने लिहिले होते, ते खोडून 'पडले' असे केले.

घडले तेच लिहावे, हे तिनेच मला शिकवले आहे.