छत्तीस आकडे, एकही फोटो नाही

गेल्या दिवाळीच्या आधी साफसफाईला माहेरी गेले होते. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा माळ्यावर चढायचं काम माझ्याकडे. पितळी भांड्यांच्या मागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत बाबांचा जुना कॅमेरा आणि लिफाफ्यात निगेटिव्हच्या पट्ट्या. उजेडात धरून पाहिल्या तर सगळ्या कोऱ्या! लिफाफ्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘बारसं, १९९०’.

म्हणजे माझंच बारसं. त्याची हकिगत आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. बाबांनी छत्तीस फोटो काढले आणि स्टुडिओवाल्याने रोल धुताना वाया घालवला. त्याच वर्षी आजी गेली. तिच्या मांडीवर मी, असा एकही फोटो राहिला नाही. बाबांनी त्या स्टुडिओची पायरी पुन्हा चढली नाही. मालक रस्त्यात दिसले तरी मान फिरवायचे.

कॅमेरा मी घरी आणला. पेन्टॅक्स के-१०००, मामाने मस्कतहून आणलेला. हे मॉडेल जपानी कंपनीने १९७६ साली काढलं आणि १९९७ पर्यंत ते बनत होतं. यात आपोआप असं काही होत नाही. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायच्या काट्याला. ती संपली तरी फोटो निघतोच. घड्याळवाल्याकडे मिळते तसली बटणासारखी बॅटरी, तळाचं झाकण नाण्याने फिरवून घालायची. काट्याला बंद करायचं बटण नाही, म्हणून काम झालं की भिंगावर टोपण लावायचं.

मैत्रिणींनो, वापरायला हा कॅमेरा वाटतो तितका अवघड नाही. आधी फिल्मच्या डबीवरचा आकडा पाहायचा, १००, २०० किंवा ४००. वेगाच्या चकतीची बाहेरची कड उचलून फिरवली की तोच आकडा तिथे लावता येतो. मग दोनच गोष्टी सांभाळायच्या. भिंगाचं छिद्र म्हणजे गॅसची आच आणि शटर म्हणजे शिजायचा वेळ. आच मोठी तर वेळ कमी, आच बारीक तर वेळ जास्त. आत डोळा लावला की उजवीकडे काटा दिसतो. वर गेला तर उजेड जास्त, खाली पडला तर कमी. तो मधोमध आला की झालं. भर उन्हात काट्याचीही गरज नाही. छिद्र १६ वर ठेवायचं आणि वेग फिल्मच्या आकड्याच्या जवळचा, म्हणजे २०० च्या फिल्मला २५०. घरात मात्र ६० च्या खाली जाऊ नका, हात हलतो आणि चेहरे पुसट येतात.

फोकससाठी मधल्या गोलात पाहायचं. चित्र नीट नसेल तर तिथे दाणेदार चकाकतं. भिंगाची कडी सावकाश फिरवा, चकाकी गेली की थांबा. माणसाचा फोटो असेल तर फोकस डोळ्यांवर.

एवढं शिकले आणि मोठ्या उत्साहाने पहिला रोल काढला. सासूबाई तुळशीपाशी, मुलं अभ्यासाला, शाळेतल्या माझ्या वर्गातल्या मुली. आमच्या गावात आता रोल धुणारं कोणी नाही, म्हणून कुरिअरने पुण्याला पाठवला. चार दिवसांनी तिथल्या मुलीचा फोन आला, “मॅडम, रोल कोरा आहे.”

मी तडक म्हणाले, “तुमच्याकडून खराब झाला असेल!”

ती शांतपणे म्हणाली, “कडेचे आकडे बघा. कंपनीने छापलेली अक्षरं आणि आकडे स्पष्ट उमटलेत. धुण्यात चूक झाली असती तर तेही उमटले नसते. तुमची फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही.”

फोन ठेवला आणि तो लिफाफा काढला. पट्ट्यांच्या कडेला आकडे स्वच्छ होते.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. कॅमेऱ्यावरचा आकडा खटका किती वेळा ओढला ते मोजतो, फिल्म मोजत नाही. फिल्मचं टोक उजव्या चकरीच्या फटीत नीट अडकवा, भोकं दात्यांवर बसवा, झाकण उघडं असतानाच एकदा खटका ओढून फिल्म सरकते का ते पाहा. मग झाकण लावा. डावीकडची परत गुंडाळायची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढा. आता खटका ओढताना ती मूठ आपोआप फिरायला हवी. फिरली नाही, तर फिल्म जागीच आहे. छत्तीस झाल्यावरही खटका सहज ओढला जात असेल, तरी शंका घ्या. एका रोलच्या पैशात आठवड्याची भाजी येते आणि बारसं काही पुन्हा होत नाही.

अजून एक. पावसाळ्यात हा कॅमेरा चामडी पिशवीत ठेवू नका, भिंगावर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि बॅटरी काढून ठेवा. आतल्या कापडी पडद्याला बोट लावू नका.

संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा लिफाफा बाबांपुढे ठेवला आणि कडेचे आकडे दाखवले. ते बराच वेळ पट्टी धरून बसले. “छत्तीस दाखवत होता गं,” एवढंच म्हणाले. संध्याकाळी कोट घालून, तिळगुळाची डबी घेऊन बाहेर पडले. स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, पण मालक जवळच राहतात.

तासाभराने परत आले. आईने विचारलं, “काय म्हणाले?”

“म्हणाले, मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत.”

दुसऱ्या दिवशी आईबाबांना अंगणात उभं केलं. खटका ओढला, मूठ फिरताना पाहिली आणि मगच फोटो घेतला.