जुन्या वहीची फेरतपासणी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. काळ्या बेसॉल्ट खडकातील या विवराची नोंद दीर्घकाळ ज्वालामुखीच्या खात्यावर होती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शास्त्रज्ञांनी तेथील खडकांचे बारकाईने परीक्षण केले, तेव्हा प्रचंड आघाताखेरीज निर्माण न होणारी काच त्यांत आढळली. अवकाशातून आलेल्या अशनीने हे विवर घडविले, हे त्यावरून सिद्ध झाले. विवर तेच, खडकही तेच. बदलले ते केवळ खाते.

लोणारला आलेल्या पाहुण्याने निदान आपली खूण मागे ठेवली. सूर्यमालेच्या सीमेवर फिरणारे बटुग्रह अशी कोणतीही खूण देत नाहीत. ते अतिशय अंधुक असतात आणि त्यांना हुडकून काढावे लागते. हुडकण्याची रीत मात्र व्यापारी घराण्यांना परकी वाटणार नाही. दोन नोंदी शेजारी ठेवून तफावत शोधावयाची, हीच ती रीत. आकाशाच्या एकाच भागाची छायाचित्रे काही काळाच्या अंतराने घ्यावयाची. तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका सरकलेला दिसतो, तो आपल्या सूर्यमालेतील. अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या तरुणाने जानेवारी १९३० मध्ये घेतलेल्या दोन काचपट्ट्या याच रीतीने पडताळल्या आणि १८ फेब्रुवारी रोजी त्याला प्लूटो सापडला.

पुढे हे काम संगणकाकडे आले. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची दुर्बिणीतून माइक ब्राऊन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ आकाश धुंडाळीत होते. दूरच्या वस्तूचे सरकणे आपल्याला दिसते, ते मुख्यतः पृथ्वी स्वतः चालत असल्यामुळे. धावत्या रेल्वेतून जवळचे झाड झपाट्याने मागे जाते, दूरची टेकडी मात्र संथपणे सरकते. तसेच वस्तू जितकी दूर, तितकी ती मंद. अतिमंद ठिपक्यांमध्ये खोट्या नोंदीच फार येत. म्हणून ठराविक मर्यादेहून हळू सरकणारे ठिपके संगणकाने वगळावेत, अशी योजना करण्यात आली होती. हिशेब जुळविताना किरकोळ फरक सोडून द्यावा, तसाच हा व्यवहारी निर्णय होता.

नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांना सेडना सापडली. तिची गती त्या मर्यादेच्या अगदी काठावर होती. थोडी अधिक मंद असती, तर ती निसटलीच असती. मग याहून मंद असे काही आधीच निसटले नसेल कशावरून? हा प्रश्न मनात येताच त्यांनी मर्यादा खाली आणली आणि तपासून बाजूला ठेवलेली जुनी छायाचित्रे पुन्हा उघडली. काम कंटाळवाणे होते, खोट्या नोंदींचा ढीग उपसावा लागणार होता. ५ जानेवारी २००५ रोजी २१ ऑक्टोबर २००३ च्या छायाचित्रांत एक ठिपका हलताना दिसला. तीच एरिस. त्या वेळी ती सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे ९७ पट अंतरावर होती. चौदा महिन्यांहून अधिक काळ ती त्यांच्याच दप्तरात पडून होती.

एरिस प्लूटोहून मोठी असावी, असा प्रारंभी अंदाज होता. तसे असेल तर तिला दहावा ग्रह म्हणणे भाग होते, अन्यथा प्लूटोलाही ग्रहपदावरून उतरविणे भाग होते. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने दुसरा मार्ग स्वीकारला आणि दोघेही बटुग्रह ठरले. दहाव्या ग्रहाचा शोधक हा मान ब्राऊन यांच्या हातातोंडाशी आला होता. तरीही त्यांनी या निर्णयाचे समर्थन केले. पुढे, २०१० मध्ये एरिस एका ताऱ्यासमोरून गेली, तेव्हा तिचा व्यास सुमारे २,३२६ किलोमीटर भरला. प्लूटोचा सुमारे २,३७७ आहे. आकाराने एरिस किंचित लहान, वस्तुमानाने मात्र सुमारे सव्वापट भारी. पहिला अंदाजही असा दुरुस्त करावा लागला.

पालोमारची ती दुर्बीण नंतर निवृत्त झाली नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या पुढाकाराने २००९ पासून तिच्याच साहाय्याने आकाशातील क्षणिक घडामोडींचा शोध सुरू झाला. या कामाचे सूत्रही तेच आहे : कालच्या आकाशाशी आजच्या आकाशाचा मेळ घालावयाचा आणि काय बदलले ते पाहावयाचे.

दिवाळीत नव्या वहीचे पूजन होते, जुनी वही कपाटात जाते. ती बंद करताना कोणता फरक किरकोळ म्हणून सोडला होता, एवढे तरी स्मरणात असावे. एरिसला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे ५५८ वर्षे लागतात. तिला कसलीच घाई नव्हती. प्रश्न होता तो तपासणाऱ्यांनी पुन्हा पाहण्याचा.