हसवणाऱ्याचे कान

गेल्या दिवाळीत बोरीला गेलो होतो. परभणीहून जिंतूरला जाताना वाटेत बोरी लागतं. तिथे आमचे थोरले काका असतात. गणेशोत्सवातल्या नाटकांत चाळीस वर्षं विनोदी कामं केलेले. अजूनही ओट्यावर बसले की चार माणसं आपोआप जमतात. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी नातवाने त्यांच्या कानात ती इवलीशी बोंडं घातली. म्हणाला, "आजोबा, हा पॉडकास्ट ऐका." काकांनी मिनिटभर ऐकलं आणि निकाल दिला, "अरे, ही तर आपली परभणी आकाशवाणीच! फक्त बाजारभाव सांगत नाही."

निकाल फारसा चुकीचा नव्हता. पॉडकास्ट म्हणजे हवी तेव्हा लावावी, हवी तेव्हा थांबवावी अशी नभोवाणीच. गंमत आहे ती निराळीच. लोकांना हसवणं हाच ज्यांचा धंदा, ती मंडळी हल्ली रंगमंचावरून उठून या माइकपुढे येऊन बसतात. आपल्या पु. ल. देशपांड्यांची वाट नेमकी उलटी. आधी आकाशवाणीची नोकरी आणि मग १९६१ पासून 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग.

या नव्या वाटेचा एक जुना वाटसरू म्हणजे अमेरिकेतला मार्क मॅरन. एकट्याने उभं राहून विनोद सांगणारा नट. २००९ साली वय पंचेचाळीस, संसार दुसऱ्यांदा मोडलेला आणि रेडिओवरचं कामही हातचं गेलेलं. त्याने काय करावं? ज्या रेडिओने काम काढून घेतलं, त्याच्याच स्टुडिओत आपल्या निर्माता-मित्राला घेऊन तो रात्री शिरला आणि स्वतःचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करू लागला. पुढे लॉस एंजेलिसमधल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने माइक मांडला. २०१५ साली त्या गॅरेजमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा येऊन बसले. सोळा वर्षांत सोळाशेहून अधिक भाग झाले. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याने कार्यक्रम संपवला, तेव्हाही शेवटचे पाहुणे ओबामाच होते.

लोक ऐकत होते ते विनोदासाठीच, असं मात्र नाही. २०१० साली रॉबिन विल्यम्स हा थोर विनोदी नट मॅरनशी आपल्या व्यसनाबद्दल आणि मनातल्या अंधाराबद्दल मोकळेपणी बोलला होता. २०१४ साली विल्यम्सने आयुष्य संपवलं, तेव्हा मॅरनने ती मुलाखत लोकांना पुन्हा ऐकवली. रंगमंचावरच्या विनोदी नटाला शांततेची भारी धास्ती. दोन क्षण कोणी हसलं नाही की त्याला घाम फुटतो. माइकपुढे मात्र त्याला तीच शांतता सोसावी लागते. समोरचा गप्प झाला की आपण कोटी करायची नाही, वाट पाहायची. बोलण्यावर जगलेल्या माणसाला हे शिकणं सोपं नाही.

त्या संध्याकाळी नातवाने काकांपुढे फोन ठेवला. काकांनी तीन किस्से सांगितले, सगळे आमचे पाठ असलेले. आम्ही हसलो. मग तो पोरगा सहज म्हणाला, "आजोबा, आजी गेली त्या वर्षी तुम्ही गणपतीत काम केलं होतं का?"

काका गप्प झाले. माझ्या तोंडाशी काहीतरी थट्टा आली होती, ती मी गिळली. पोरगाही काही बोलला नाही.

"केलं," काका बऱ्याच वेळाने म्हणाले. "लोक फार हसले त्या वर्षी. पण घरी आल्यावर, आज कसं झालं म्हणून विचारायला कोणी नव्हतं."

चाळीस वर्षं आम्ही त्यांना हसत आलो. एवढं विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं.

वाचकहो, तुमच्याही घरात असा एक हसवणारा माणूस असेल. यंदा फराळाला बसाल तेव्हा त्याचे किस्से जरूर ऐका. ते संपले की लगेच उठू मात्र नका.