मांजर घराचे की माणसाचे?

दिवाळीच्या जरा आधी देवासहून मावशीचा फोन आला. घर विकायचे ठरले होते. काका जाऊन दोन वर्षे झाली, गुडघे जिना चढू देत नाहीत, तेव्हा धारला लेकीकडे राहायला जायचे. हे सगळे तिने बाजारहाट सांगावा तसे सांगितले. मग थोडी थांबली आणि म्हणाली, "पण भुरीचं काय करू रे? सगळे म्हणून राहिलेत, तिला इथंच सोड. मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं."

हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. कुत्रा माणसाचा, मांजर घराचे. इतके गोळीबंद वाक्य की ते खोटे असेल असे कुणाला वाटतच नाही. मला मात्र त्याचा राग येतो. ते अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या आडून आपण नामानिराळे होतो. घर बदलले, मूल झाले, सोफा ओरबाडला, की मांजर "घराचे" होते.

आपल्या घरांत मांजराच्या प्रवासाचे साधन एकच होते, ते म्हणजे पोते. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, म्हणून मारायचे नाही. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडले तर मात्र पाप नाही, असा आपला सोयीचा हिशेब. मी आठ-नऊ वर्षांचा असताना रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत असे एक पोते माझ्याच मांडीवर होते. आत तीन पिल्ले. पोत्याला खोबऱ्याचा वास येत होता. पहिली काही मिनिटे आत धडपड चालली होती, मग काहीच नाही. मला वाटले, झोपली. आज कळते की ती झोपली नव्हती. मांजर फार भ्याले की ओरडत नाही, थिजते. शांत मांजर आणि थिजलेले मांजर यांतला फरक मोठमोठ्या माणसांना कळत नाही, तर मला तेव्हा काय कळणार!

तेव्हा मावशीला फोनवर म्हटले, "सोडू नकोस, मी येतो."

दिवाळीत गेलो. देवास ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंदूरहून छत्तीसेक किलोमीटर, मध्ये माताजीची टेकडी, टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी. गावाचा इतिहासही असाच जोडीचा. पवार घराण्यातल्या दोन भावांची इथे दोन संस्थाने, थोरली पाती आणि धाकटी पाती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता आणि या गावावर त्याने पुढे पुस्तकही लिहिले. 1948 साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन होईपर्यंत एकाच रस्त्याची एक बाजू एका राजाची आणि दुसरी दुसऱ्याची होती. पाण्याची, दिव्यांची व्यवस्थाही वेगवेगळी. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटायचे. मांजराला वाटले नसते. मांजराच्या मनात प्रत्येक गल्लीचा असाच नकाशा असतो. दाराची चौकट, पलंगाचा पाय, तुळशीवृंदावनाचा कोपरा यांना ते गाल घासत हिंडते, ते आपल्याला लाडात आल्यासारखे वाटते. पण गालांजवळच्या ग्रंथींतला वास ते तिथे लावून ठेवत असते. हा मुलूख आपला, इथे धोका नाही, अशी ती नोंद. मावशीचे घर ही भुरीची पाती होती. त्या पातीबाहेर तिला नेणे म्हणजे आपल्याला डोळे बांधून परमुलखात सोडण्यासारखे.

म्हणजे "मांजर घराचं असतं" यातले खरे अर्धे ते हे. पण उरलेल्या अर्ध्याचे काय? 2019 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजराच्या पिल्लांना त्यांच्या माणसासोबत अनोळखी खोलीत ठेवले, माणसाला दोन मिनिटे बाहेर पाठवले आणि परत आणले. तान्ह्या मुलांच्या मायेची जशी परीक्षा करतात, तशीच ही. सुमारे 64 टक्के पिल्ले माणूस परत येताच निवळली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. आईला बघून मूल करते तेच. अनोळखी जागेत आधार माणसाचाच होता. मांजर घराचेही असते आणि माणसाचेही. आणि घर नेता येत नसले तरी घराचा वास नेता येतो!

हे सगळे शहाणपण मला नंतर सुचले. दिवाळीत मी जे केले ते सांगायला लाज वाटते. भुरीच्या अंगावर केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या, शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या मांड्यांवर. नऊ-दहा वर्षांचे मांजर, केस लांबट. धारच्या नव्या घरी हे ध्यान कसे न्यायचे, म्हणून मी तिला टॉवेलात गुंडाळली, शेजारच्या मुलाने पाय धरले आणि मावशीच्या कंगव्याने सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात माझ्या अंगठ्यात तिचे दोन दात होते. मांजराचा चावा खोल जातो आणि बऱ्याचदा पिकतो. डॉक्टरकडे गेलो आणि रेबीजची सुईही घेतली, ती कुणीही टाळू नये. भुरी दोन दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही. मावशी काही बोलली नाही, फक्त कंगवा उचलून कपाटात ठेवला.

नंतर एका पशुवैद्याशी बोलणे झाले तेव्हा उमजले की म्हातारे मांजर आळशी म्हणून केस चाटायचे सोडत नाही. पाठीचे, कमरेचे सांधे दुखतात, मान तिथवर वळत नाही. मावशीचे गुडघे आणि भुरीची कंबर, दोघींचे दुखणे एकच! आणि आम्ही नेमके तिथेच ओढत होतो. गुठळी कात्रीने कापायलाही जाऊ नये. मांजराची कातडी पातळ, गुठळीबरोबर वर उचलली जाते आणि कात्री कातडीतून जाते. घट्ट गुठळ्या वैद्याने मशीनने काढाव्यात, सैल असतील त्या बोटांनी थोड्याथोड्या सोडवाव्यात.

मी गोव्याला परतलो आणि पुढचे दीड-दोन महिने सगळे मावशीने केले. मी फक्त फोनवर विचारायचो. इंदूरहून प्लास्टिकची कडक पेटी आणली होती, वरचे झाकण पूर्ण निघणारी. ती तिने झाकण काढून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली, आत काकांची जुनी गोधडी. तिथून आठ दिवस कुणी काही करायचे नाही. बहुतेक घरांत पेटी माळ्यावर असते आणि डॉक्टरकडे जायच्या दिवशीच खाली येते. मग मांजराने ती बघून पळू नये तर काय ओवाळावे? भुरीची वाटी रोज वीतभर पेटीकडे सरकत गेली. इथे गोव्याने थोडी मदत केली. देवासच्या त्या घरात मासळी कधी शिजली नाही आणि भुरी दूधभातावर वाढली (मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, पण मावशीला हे सांगणे म्हणजे टेकडीला धडक). मी पाठवलेला बिनमिठाचा सुका गालमो तिने पहिल्यांदा हुंगला तेव्हा मावशीच्या शब्दांत, "तिला मागचा जन्म आठवला." चिमूटभर गालमो पेटीत. तिसऱ्या आठवड्यात भुरी पेटीत झोपू लागली. मग झाकण आले, मग दार, मग दार एक मिनिट बंद.

कंगव्याचेही असेच. आधी नुसता जमिनीवर ठेवलेला कंगवा. मग गालावर एक फिरवणी, कारण गाल मांजराला आवडतो. कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली, शेपटी आपटू लागली की तिथेच थांबायचे. मांजर नाही म्हणते ते असे. आपण ऐकत नाही म्हणून मग ते दातांनी म्हणते.

मावशीला सल्ले देणारे कमी नव्हते. एकाने सांगितले, थोडी भांग चाटव. दुसऱ्याने माणसांची झोपेची गोळी सुचवली. तिसऱ्याने, ताप असेल, पॅरासिटामॉल दे. यातला तिसरा सल्ला सरळ जीवघेणा आहे. मांजराच्या शरीराला पॅरासिटामॉल पचवताच येत नाही, एक गोळीसुद्धा मारू शकते. तसेच कुत्र्यांच्या गोचिडांसाठी येणारी परमेथ्रिनची औषधे मांजराला विष. आणि मानगूट धरून उचलणे! आई पिल्लाला तसे नेते हे खरे. ती सात घरे फिरवते म्हणतात, पण एकेकाला नेते आणि पिल्लू तिच्या तोंडात सैल लोंबकळते. मोठे मांजर मानगुटीला धरल्यावर गप्प होते ते भीतीने. पशुवैद्यांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय मांजर-संघटनांनी 2022 सालच्या मार्गदर्शनात मानगूट धरण्याला स्पष्ट नकार दिला आहे.

औषध नकोच असे माझे म्हणणे नाही. काही मांजरांची भीती गालमोने जात नाही. गॅबापेंटिनची एक मात्रा प्रवासाआधी दिल्याने मांजरांचा ताण कमी झाला, असे 2017 सालच्या अभ्यासात दिसले, आणि 2023 मध्ये अमेरिकेत प्रवास व दवाखान्याच्या भीतीसाठी मांजरांचे म्हणून प्रीगॅबालिनचे द्रव औषध मंजूर झाले. पण मात्रा वैद्याने मांजर तपासून, वजन करून ठरवायची. भुरीच्या वैद्यांनी तिला एक मात्रा दिली, आधी घरी देऊन बघायला सांगितले, त्याच गुंगीत घट्ट गुठळ्याही मशीनने काढल्या.

संगीताची एक गंमत सांगतो. देवास म्हणजे कुमार गंधर्वांचे गाव, 1948 साली क्षयाने आजारी होऊन ते या कोरड्या हवेत आले आणि इथलेच झाले. मावशीची लेक म्हणाली, गाडीत कुमारजी लावू, भुरी शांत होईल. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात वीस मांजरांना दवाखान्यात माणसांचे शास्त्रीय संगीत, मांजरांसाठी मुद्दाम रचलेले संगीत आणि शांतता अशी तिन्ही ऐकवली. मांजरे निवांत दिसली ती त्यांच्या संगीताला. आपले शास्त्रीय संगीत त्यांना शांततेपेक्षा बरे वाटल्याचे दिसले नाही. तेव्हा कुमारजी आपण ऐकावेत, मांजराच्या नावावर खपवू नयेत.

इथे एक तक्रार. आता आपल्या लहान शहरांतही पर्शियन मांजरे दिसतात, पणजीत दिसतात तशी इंदुरातही. वाढदिवसाची भेट म्हणून. त्या केसांना जवळजवळ रोज विंचरावे लागते, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. मग गुठळ्या, मग "ग्रूमिंग", मग ड्रायरच्या घरघरीत थिजलेले मांजर आणि "किती शहाणं बसलंय" म्हणून काढलेला फोटो. निरोगी मांजराला आंघोळ सहसा लागतच नाही. तो फोटो बघितला की मला फेरीबोट आठवते.

जानेवारीत, संक्रांतीनंतर निघालो. देवासहून इंदूरमार्गे धार, शंभरेक किलोमीटर. सकाळी भुरीला खायला दिले नाही, म्हणजे गाडीत उलटी नको. पेटी पुढच्या सीटच्या मागे जमिनीवर, वर मावशीची रोजची साडी झाकलेली. इंदूर संपेपर्यंत भुरी ओरडत होती, आणि खरे सांगतो, मला बरे वाटले. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मावशी गाडीतून उतरली नाही. "मी उतरले आणि दार उघडं राहिलं तर?" एवढेच म्हणाली.

धारला तिच्यासाठी एकच खोली ठेवली होती. मावशीचा पलंग, तीच पेटी, तीच गोधडी. मावसबहिणीला गोधडी आधी धुवायची होती, पाहुणे येणार म्हणून. मावशीने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. देवासला एका कपड्याने भुरीचे गाल पुसून ठेवले होते, तो कपडा पलंगाच्या पायांना आणि दाराच्या चौकटीला घासला. दोन दिवस ती पेटीतच होती, रात्री वाटी रिकामी व्हायची एवढेच. तिसऱ्या पहाटे मावशीचा फोन. मला वाटले, काही झाले. "अरे, चौकटीला गाल घासून राहिली आहे," ती कुजबुजत म्हणाली, जणू मोठ्याने बोलले तर भुरी थांबली असती.

मागच्या मांडीवर एक गुठळी अजून शिल्लक आहे. मावशी म्हणते, राहू दे, थंडी संपली की बघू.