दोनशे रुपयांचा पाइप

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत एवढं लांबलचक लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सुधारून घेतलं असेलच! पण हा विषय मराठीतच सांगायला हवा, कारण गॅरेजमध्ये आपलं इंग्लिश चालत नाही.

सध्या आमच्या हॉस्टेलवर एक टूम निघाली आहे. पाच जणींनी मिळून जुनी मारुती ८०० घ्यायची! चाळीस हजारांत मिळते, प्रत्येकी फक्त आठ हजार, आणि मग दर रविवारी सिंहगड. हिशेब ऐकायला झकास आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की चाळीस हजार ही नुसती एन्ट्री फी झाली. जुनी गाडी परवडते ती वेळच्या वेळी छोटी कामं करणाऱ्याला. बाकीच्यांना ती नव्या गाडीपेक्षा महाग पडते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमच्या घरी २००३ ची एट हंड्रेड आहे.

आधी तिची जमेची बाजू सांगते. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तेवढ्यात २५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, एकदम साधं. त्यामुळे तालुक्याच्या गावातला मेकॅनिकसुद्धा ती डोळे मिटून खोलतो आणि पार्ट अजून मिळतात. मग घोडं अडतं कुठे? तर मालकापाशी!

२०२४ च्या उन्हाळ्यात मी सुट्टीला कराडला होते. आमच्या गॅरेजवाल्या काकांनी रेडिएटरचा होज पाइप दाबून दाखवला. म्हणाले, "ताई, रबर कडक झालंय. बदलून टाका, दोनशेचं काम आहे." बाबांनी माझ्या हातात पैसे ठेवले. "तू मेकॅनिकलची ना? मग हे तूच करून आण." मी म्हटलं, उद्या जाते. तो उद्या काही आला नाही. पैसे कशात गेले ते विचारू नका! वर, कूलंट कमी झालं तेव्हा मी नळाचं पाणी ओतून मोकळी झाले.

दिवाळीत बाबा मला न्यायला पुण्याला आले. खंबाटकी घाटात गाडी मी चालवत होते. टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. बाबा म्हणाले, "थांबव गं." मी म्हटलं, "घाट आहे बाबा, वर पोचलो की उतरेल." पुढे जेमतेम एक किलोमीटर गेलो असू, बॉनेटमधून वाफच वाफ! पाइप फाटला होता. टोचन करून गाडी खाली खंडाळ्याला आणली. तिथल्या मेकॅनिकने डिपस्टिक काढून दाखवली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं. "गॅस्केट गेलं," एवढंच बोलला.

असं का होतं ते आपल्याला शिकवलेलं आहे. कूलिंग सिस्टिममध्ये प्रेशर असतं म्हणून पाणी शंभर डिग्रीला उकळत नाही. पाइप फाटला की प्रेशर गेलं, पाणी उकळून बाहेर. मग अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं आणि गॅस्केट जळतं. पेपरात यावर मी आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. घाटात त्यातलं एक अक्षर आठवलं नाही!

बिल ऐका. हेड उतरवून फेसिंग, गॅस्केट सेट, टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, ऑइल, कूलंट, मजुरी आणि टोचन धरून ९,४०० रुपये. म्हणजे तीन महिन्यांची मेस! बाबा फक्त म्हणाले, "चालायचंच, जुनी गाडी आहे." दोष गाडीच्या वयावर गेला आणि मी सुटले.

तेव्हापासून बघतेय, या गाडीच्या प्रत्येक दुखण्याची हीच गोष्ट आहे. अ‍ॅक्सलचं रबरी बूट फाटलं तर काही शेकड्यांचं काम. ते टाळलं की ग्रीस निघून जातं, वळताना टक्-टक् आवाज येतो आणि अख्खा अ‍ॅक्सल बदलावा लागतो. पावसाळ्यानंतर मॅटखाली कधी बघितलंच नाही, तर गंज पत्रा खातो आणि वेल्डिंगवाल्याकडे जावं लागतं. मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत असेल तर प्रश्न पैशांचा राहतच नाही, ब्रेकचा होतो.

शिवाय कागदपत्रं! पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन संपतं, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली. आमची गाडी नेमकी २०२३ मध्ये रांगेत उभी होती. वर पर्यावरण कर वेगळाच.

"मग भंगारात काढ ना," असं माझी रूममेट म्हणते. नाही! वेळेवर लक्ष दिलं तर ही गाडी अजून छान चालते. त्या बिलानंतर आमच्या गाडीने रस्त्यात एकदाही दगा दिलेला नाही. पण माझ्या एकटीच्या एका 'उद्या'ची किंमत ९,४०० झाली. गाडी पाच जणींची असली तर 'उद्या' म्हणणाऱ्या पाच, आणि गॅरेजला जाणारी कोण? म्हणून घ्यायचीच असेल तर आणखी वीस हजार बाजूला ठेवा, आणि एकीच्या नावावर जबाबदारी लिहून द्या. दर रविवारी सिंहगडाआधी बॉनेट उघडून ऑइल आणि कूलंट बघायचं. हे जमत नसेल तर एसटी जिंदाबाद!

जाता जाता एक. हा अंक घरी नेला की बाबा आधी मराठी विभाग वाचतात. त्या पाइपचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. बाबा, सॉरी. दोनशे रुपये देणं आहे.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल