शेवटच्या सायकलचा वेग

आमच्या सायकल क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन आठवडे एक वाद पेटलाय. रविवारची 'सोशल राइड' किती वेगाने मारायची? एका गटाचं म्हणणं, ताशी २५ च्या खाली आलो की ती राइड नाही, वरात. दुसरा गट काहीच बोलत नाही, कारण तो अजून मागून येतोय :-)

माझं मत सरळ सांगून टाकतो. नावात 'सोशल' असेल, तर वेग शेवटच्या सायकलवाल्याने ठरवायचा.

आधी थोडं फिजिक्स. (आपण इंजिनियर लोक, त्याशिवाय पटत नाही.) सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की आपली बरीचशी ताकद हवेशी भांडण्यात जाते. वेग दुप्पट केला, तर नुसती हवा कापायला आठपट शक्ती लागते. म्हणूनच दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवणाऱ्याचे कष्ट वाचतात. आता घोळक्यातून मागे कोण पडतो? ज्याच्यात आधीच दम कमी. आणि मागे पडला की आडोसाही गेला, वारा एकट्याने खायचा! बरं, पुढचे लोक टपरीवर थांबून २० मिनिटं चहा-गप्पा करतात आणि हा धापा टाकत पोचला रे पोचला की, "चला, आले सगळे, निघूया!" म्हणजे सगळ्यात दमलेल्याला विश्रांती शून्य. ऑफिसात कोणी असं लोड बॅलन्सिंग केलं असतं, तर सोमवारी त्याची काय गत झाली असती?

हा वाद काही आपण शोधून काढलेला नाही. ज्यांनी १९०३ मध्ये तूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली, त्याच आंरी देग्रांज यांनी १९०४ मध्ये फ्रान्समध्ये 'ऑडॅक्स' राइड आणल्या. त्यात रोड कॅप्टन पुढे आणि ठरलेल्या वेगाने सगळे एकत्र. पुढे १९२१ मध्ये 'ज्याचा त्याचा वेग' हा दुसरा प्रकार आला. आपल्याकडच्या बीआरएम त्याच घराण्यातल्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवा; पहिले आलात काय नि शेवटचे आलात काय, मान सारखाच. दोन्ही प्रकार प्रामाणिक आहेत. घोळ होतो तो नाव सोशलचं आणि वागणं शर्यतीचं असलं की.

मागच्या रविवारी पानशेतला गेलो होतो. आमच्यातले एक काका, वय ६८, कायम सगळ्यात मागे. पंप, जादा ट्यूब, गूळ-शेंगदाणे सगळं त्यांच्याकडे. त्या दिवशी पहिल्यांदाच आलेला एक मुलगा खडकवासल्याच्या अलीकडेच दमला. म्हणाला, "काका, तुम्ही व्हा पुढे, मी येतो हळूहळू." काका म्हणाले, "मला कुठे मुहूर्त गाठायचाय? तू आधी गिअर हलका कर बघू." पुढे पाण्याच्या कडेकडेने जाताना काकांनी १२ जुलै १९६१ ची गोष्ट काढली. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पाणी पुण्यात शिरलं. तेव्हा ते चार वर्षांचे. आईच्या कडेवर बसून गच्चीत गेले, एवढंच त्यांना आठवतं. हे ऐकायला आम्ही पाच-सहाजण आपोआप त्यांच्या वेगाला आलो. ताशी ३० ने हे ऐकू आलं असतं? शक्यच नाही, नुसता वारा ऐकू येतो.

"मग फास्ट लोकांनी काय करायचं?" रास्त प्रश्न आहे. सिंहगडाचा घाट रस्त्यातच आहे की! चार-पाच किलोमीटर चढा, उतरा, पुन्हा येऊन मिळा. किंवा शनिवारी वेगळी राइड ठेवा आणि तिला सरळ 'फास्ट' म्हणा. सोशलला मात्र दोनच नियम. एक जाणता माणूस कायम शेवटी. आणि थांब्यावरची दहा मिनिटं शेवटचा पोचल्यापासून मोजायची.

हे मी क्लबच्या सोयीसाठी म्हणत नाहीये. पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं. आज हौसेने सायकल घेतलेला माणूस पहिल्याच रविवारी ट्रक-टँकरच्या गर्दीत एकटा सापडला, तर पुढच्या रविवारी येत नाही. सायकल बाल्कनीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळतात. मग सायकल ट्रॅकवर गाड्या लागल्या तरी त्याला काय फरक पडतो? ट्रॅकसाठी भांडायला आपल्याला असली साधी, संथ, ढेरीवाली माणसंच शेकड्यांनी लागणार आहेत. महागड्या कार्बन फ्रेमवाले दहाजण पुरणार नाहीत.

असो. स्ट्राव्हावर सरासरी वेग थोडा कमी दिसेल. दिसू दे की!